नकल आणि नक्कल

मोटारीच्या पुढच्या चाकामागे एक ओबडधोबड लोखंडी तुकडा असतो. त्याचे नाव स्टिअरिंग नकल; गॅरेजमध्ये नुसते ‘नकल’. चाकाचा हब तिच्यावर, ब्रेक तिच्यावर, आणि स्टिअरिंग फिरवले की चाकाला घेऊन वळते तीही हीच. इंग्रजीत हा शब्द बोटाच्या सांध्याचा. आपल्याकडे नकल म्हणजे प्रत, आणि कोल्हापूरला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा.

बैलगाडीला नकल लागत नाही. बैल वळले की गाडी वळली. चार चाकांच्या बग्गीचा मात्र पुढचा सबंध कणा मधल्या खिळ्यावर फिरायचा, आणि वेगात वळताना ती कलंडायची. म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या बग्गी करणाऱ्या कारागिराने कणा जागेवर ठेवून प्रत्येक चाकाला स्वतंत्र बिजागरी दिली. वळणाच्या आतले चाक जास्त वळावे, बाहेरचे कमी, अशी ती जोडणी. लंडनमध्ये तिचे पेटंट रुडॉल्फ अकरमन यांनी घेतले, १८१८ साली. इकडे पेशवाई बुडाली तेच वर्ष. आजही नाव चालते ते अकरमनचेच. कारागिराच्या नशिबी हे नेहमीचेच! पुढे १८७३ मध्ये फ्रान्सच्या बोले यांनी वाफेच्या गाडीला आणि १८९३ मध्ये कार्ल बेंझ यांनी मोटारीला ही युक्ती वापरली.

आता कोल्हापूर. मूक चित्रपटांच्या काळात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी कॅमेरा घरीच करायचे मनावर घेतले. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला, आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्यावर चित्रित झाला. हीच रीत शिवाजी उद्यमनगरात उतरली. ऑइल इंजिनचा तुटका भाग आणा, मिस्त्री तो उलटापालटा करून बघणार, लाकडी पॅटर्न होणार, वाळूत ओतणार, लेथवर चढवणार. या नकलेला मी नक्कल म्हणणार नाही. वस्तू उलगडून बघितल्याशिवाय तशी दुसरी होत नाही.

पण सगळेच असे जमत नाही. मागे आमच्या जुन्या गाडीची नकल खड्ड्यात आपटून तडकली. शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. मुलाने विचारले, ‘‘चाचा, वेल्डिंग मारून चालेल?’’ ते म्हणाले, ‘‘दाराची बिजागरी असती तर मारलं असतं. ह्यावर माणसं बसत्यात.’’

खरेच आहे. साध्या बिडाच्या पोटात ग्राफाइटच्या चपट्या पाकळ्या असतात, म्हणून ते ठिसूळ. १९४०च्या दशकात अमेरिकेत कीथ मिलिस यांच्या प्रयोगांतून कळले, की रसात चिमूटभर मॅग्नेशियम घातले तर पाकळ्यांचे गोळे होतात आणि बीड चिवट बनते. पुष्कळ गाड्यांची नकल याच बिडाची असते. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळ ते पुन्हा ठिसूळ होते, आणि वरून काही दिसत नाही.

नवी नकल अंगणातच बसवली. हबचा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला केला, मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. ब्रेकची नळी ताणू नये म्हणून कॅलिपर तारेने टांगला. बॉल जॉइंट हटेना, तेव्हा चाचांनी आट्यांना न दुखवता नकलेच्या डोळ्यावर बाजूने दोन ठोके दिले. तो टपकन सुटला. बेअरिंग दाबायला तेवढे उद्यमनगरात जावे लागले, तिथल्या प्रेसवर. संध्याकाळी चाचांनी नव्या कॉटर पिना दुमडल्या आणि मुलाला अलाइनमेंटला पिटाळले, हळू चालव म्हणून बजावून.