जालना जिल्ह्यातील पोलाद उद्योग आणि व्हॅनेडियम

मराठवाड्यातील जालना हे बांधकामाच्या पोलादी सळयांचे एक प्रमुख उत्पादनकेंद्र आहे. व्हॅनेडियम (अणुक्रमांक २३) या धातूचा जगातील खप बहुतांशी पोलादात, विशेषतः सळयांत होतो. त्यामुळे आफ्रिकेतील व्हॅनेडियमाच्या खाणी व या धातूवर आधारलेल्या विद्युत् घटमाला यांत गुंतविलेल्या भांडवलाचे भवितव्य सळयांच्या धंद्याशी निगडित झाले आहे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. येथील भूमी दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाची आहे. या खडकात व्हॅनेडियम लेशमात्र असते. खाणीजोगे धातुक मात्र नाही. लोहधातुक व कोळसा यांचाही जिल्ह्यात अभाव आहे. १९०० मध्ये मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाल्यावर जालना कापसाची मोठी पेठ म्हणून वाढले. पुढे औद्योगिक वसाहतीत प्रवर्तन भट्ट्या व लाटण गिरण्या उभ्या राहिल्या. मोडीचे लोखंड व स्पंज लोह बाहेरून आणून ते विजेवर वितळवावयाचे व त्याच्या सळया लाटावयाच्या, असे या उद्योगाचे स्वरूप आहे. खनिजाच्या जागी येथे वीज हाच उत्पादनाचा मुख्य आधार ठरला.

सळईस बळकटी आणण्याचे दोन मार्ग आहेत. पोलादात शेकडा ०·१ पेक्षाही कमी व्हॅनेडियम मिसळल्यास सूक्ष्म कार्बाइडे व नायट्राइडे तयार होऊन त्याचे बल वाढते. दुसऱ्या मार्गात लाटलेली तप्त सळई पाण्याच्या फवाऱ्यातून नेतात. तिचे बाह्य कवच कठीण होते व गाभा चिवट राहतो. ही पद्धती १९७० नंतरच्या दशकात बेल्जियममध्ये विकसित झाली. भारतात तिने पूर्वीच्या पीळ दिलेल्या सळयांची जागा घेतली व जालन्यातील गिरण्यांनीही तिचाच अवलंब केला. या सळयांना महाग मिश्रधातूंची फारशी गरज भासत नाही.

व्हॅनेडियमाचा शोध आंद्रेस मान्वेल देल रिओ यांनी मेक्सिकोत १८०१ मध्ये लावला. १८३० मध्ये स्वीडनचे सेफस्ट्रम यांनी त्याचा पुन्हा शोध लावून त्यास सध्याचे नाव दिले. आफ्रिकेत नामिबियातील आबेनाब येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या खाणी चालत. त्याहून मोठे साठे दक्षिण आफ्रिकेतील बुशव्हेल्ड अग्निज संकुलाच्या मॅग्नेटाइटात आहेत. १९६० नंतरच्या दशकात विटबँक येथे हायव्हेल्ड कारखाना उभा राहिला. तेथे मॅग्नेटाइटापासून पोलाद व व्हॅनेडियमयुक्त धातुमळी अशी दोन्ही उत्पादने मिळत. पोलादाच्या मंदीत २०१५ मध्ये हा कारखाना बंद पडला आणि त्याबरोबर व्हॅनेडियमाचा एक मोठा पुरवठाही थांबला.

यानंतरच्या घडामोडी उद्‌बोधक आहेत. २०१५ च्या अखेरीस व्हॅनेडियम पेंटॉक्साइडाचा भाव पौंडास सु. ३ डॉलरांपर्यंत उतरला होता. चीनने सळयांचे नवे मानक नोव्हेंबर २०१८ पासून लागू केले व पाण्याने कठीण केलेल्या सळयांवर बंधने आणली. मिश्रधातूची मागणी वाढणार या अपेक्षेने भाव पौंडास २५ डॉलरांवर गेला. पुढे चिनी गिरण्यांनी नायोबियमाचा पर्याय स्वीकारल्यावर २०१९ च्या अखेरीपर्यंत तो १० डॉलरांखाली आला. तेजीत दक्षिण आफ्रिकेतील खाणींत ओतलेल्या भांडवलाला या उतरणीची झळ बसली.

व्हॅनेडियम विद्राव घटमाला मारिया स्किलास-कझाकॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात विकसित केली. व्हॅनेडियमाच्या चार संयुजा अवस्थांचा तीत उपयोग होतो. सल्फ्यूरिक अम्लातील विद्राव दोन टाक्यांत साठवितात. टाक्या वाढविल्या की संचय वाढतो. दोन्ही बाजूंस एकच मूलद्रव्य असल्याने विद्राव परस्परांत मिसळले, तरी कायमची हानी होत नाही. परंतु प्रत्येक किलोवॉट-तासाच्या संचयास सु. ७ किग्रॅ. पेंटॉक्साइड लागते. पौंडास ५ डॉलर भावाने त्याचा खर्च सु. ७७ डॉलर, तर २५ डॉलर भावाने सु. ३८५ डॉलर होतो. खाणीला फायद्याचा ठरणारा चढा भाव घटमालेला मारक ठरतो, हा या गुंतवणुकीतील मूळ पेच होय.

दक्षिण आफ्रिकेत या विद्रावाचा कारखाना ईस्ट लंडन येथे उभारण्यात आला. तेथील वीजटंचाईमुळे संचयाची निकड मोठी होती. तथापि एस्कॉम या सरकारी वीजसंस्थेने २०२३ मध्ये वूस्टरनजीक कार्यान्वित केलेला २० मेगॅवॉट (१०० मेगॅवॉट-तास) क्षमतेचा प्रकल्प लिथियम घटमालांचा आहे. मोठ्या व्हॅनेडियम घटमाला प्रामुख्याने चीनमध्ये उभारल्या गेल्या. डालियन येथील १०० मेगॅवॉटची (४०० मेगॅवॉट-तास) घटमाला २०२२ मध्ये कार्यान्वित झाली.

जालन्याच्या दृष्टीने या इतिहासाला दुहेरी महत्त्व आहे. येथील सळया व्हॅनेडियमावाचून तयार होतात. पण वीज दिवसाच्या कोणत्या वेळी वापरली यावर तिचा दर ठरत असल्याने भट्ट्यांना साठविलेल्या विजेचा उपयोग होऊ शकतो. सळईच्या मानकांत बदल झाल्यास तीच गिरणी घटमालेची स्पर्धक ग्राहक बनेल. म्हणून व्हॅनेडियमावरील गुंतवणुकीचा विचार करताना खाणीतील साठ्याइतकेच सळयांच्या मानकांकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.