‘परशुराम’ : पुन्हा झेपावलेले डाकोटा

जुने लष्करी विमान रंगरंगोटी करून चौथऱ्यावर उभे करणे वेगळे आणि ते पुन्हा उड्डाणक्षम करणे वेगळे. गोव्यात दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयातील ‘सी हॉक’, ‘अलिझे’ ही विमाने केवळ पाहण्यासाठी आहेत. उड्डाणासाठी मात्र सांगाड्यातील गंज, इंजिने, इंधननलिका, विजेच्या तारा तपासून सदोष भाग बदलावे लागतात. त्यानंतरच उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळतो.

भारतीय हवाई दलाचे ‘परशुराम’ हे याचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धकाळातील हे दोन इंजिनांचे डाकोटा विमान राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये मिळवून ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतले. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे डाकोटाचे वैमानिक होते. विमान भेट देण्याचा प्रस्ताव प्रथम नाकारला गेला. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना तो मान्य झाला. १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघालेले विमान टप्प्याटप्प्याने २५ एप्रिलला जामनगरला उतरले. ४ मे रोजी हिंडन तळावर ते हवाई दलात दाखल झाले.

त्याच्या शेपटीवर ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरविणाऱ्या डाकोटाचा हा क्रमांक. हे विमान ते मूळ विमान नव्हे. काश्मीर वाचविणाऱ्या त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ त्याने हा क्रमांक धारण केला आहे.