काच वर गेली आणि आवाज ऐकू आला: वालचंदनगर ते बारामती, एका फियाटच्या आतून

जुन्या मोटारींवर बोलायचं म्हटलं की इंजिन, रंग आणि क्रोम यांच्यातच तास संपतो. आज आपण गालिचा उचलून खाली बघणार आहोत. पत्रा आणि माणूस यांच्यामध्ये काय घातलेलं असायचं, आणि ते कशासाठी?

सुरुवात आपल्याच भागातून करू. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वसवलं. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार होऊन ११०० ही गाडी आली. तिचंच पुढचं रूप म्हणजे प्रीमियर पद्मिनी. लोक मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

आता जरा मागे जाऊ. सुरुवातीच्या बहुतेक मोटारी उघड्या असत. लाकडी सांगाडा, वर दुमडणारं कापडी छप्पर. लाकूड थरथर गिळतं, कापड घुमत नाही. १९३० च्या दशकात छपरासकट अखंड पोलादी बॉडी रूढ झाली आणि मोटार ढोलासारखी वाजू लागली. मग पत्र्याला आतून डांबराचा थर, त्यावर नमदा किंवा गोणपाट, अशी युक्ती निघाली. डांबर पत्र्याची थरथर मारतं, नमदा हवेतला आवाज शोषतो. ही दोन वेगळी कामं आहेत. आजही दुकानात त्यांची सरमिसळ होते.

१९५३ साली इटलीत आलेली ११०० आणखी पुढे गेली. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. वजन वाचलं, पण इंजिनाची आणि रस्त्याची थरथर थेट बसणाऱ्याच्या पायाखाली आली.

तरीही आपल्याकडे आवाजाची तक्रार फारशी झाली नाही. का? कारण काच खाली असायची! एप्रिल-मे मध्ये इंदापूरला पारा चाळिशी ओलांडतो. एसी नाही, तेव्हा दाराची तिकोनी काच वळवून वारा अंगावर घ्यायचा, हाच उपाय. चार काचा उघड्या असताना तळाला कितीही नमदा घाला, कान भरायचे ते भरणारच. ध्वनिशास्त्राचा हिशोब सांगतो की भिंतीचा शंभरावा हिस्सा उघडा राहिला, तर ती कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. इथे तर खिडक्याच उघड्या.

म्हणून आमचं म्हणणं असं, की या पट्ट्यातल्या मोटारीच्या अस्तराचा इतिहास आधी उष्णतेचा आहे. आवाजाचा प्रश्न एसीबरोबर आला. काच वर गेली आणि खडखड ऐकू यायला लागली.

उष्णता कुठून येते बघा. छतावरून ऊन, समोरून इंजिनाचा ताप, खालून सायलेन्सरची नळी आणि गिअरबॉक्स. त्या काळच्या बऱ्याच मोटारींत छताचं कापड तारेच्या कमानींवर ताणलेलं असे. कापड आणि पत्रा यांच्यामधली हवेची पोकळी हेच अर्धं संरक्षण. आज हौसेनं ती पोकळी फोमनं गच्च भरतात आणि मध्ये चांदीसारखा कागद दाबतात. ॲल्युमिनियमचा वर्ख उष्णता परतवतो, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. दोन्ही बाजूंनी चिकटवलात तर तोच वर्ख उष्णता पुढे पोहोचवतो. पैसे घालून उकाडा विकत घेतल्यासारखं झालं!

(बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, म्हणजे आणखी एक इटालियन घराणं. त्यांच्या आपे रिक्षाला प्रवाशाच्या बाजूला दारंच नाहीत. तिथे अस्तर लावायचं कशाला? विजेवरची आपे आली, तेव्हा इंजिनाचा आवाज मुळातच गेला.)

तर गाडी दुरुस्तीला काढलीत, तर पहिली नजर भोकांकडे. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून वायरी, केबली, पेडलं आत येतात. तिथली रबरी बुचं चाळीस-पन्नास वर्षांत दगडासारखी झालेली असतात. ती आणि दारांची बीडिंग बदला. डांबरी पट्ट्या सगळीकडे चिकटवायची गरज नाही. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध, चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढ्या पुरतात.

सगळ्यात मोठा धोका आवाजाचा नाही, पाण्याचा आहे. काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी नमदा महिनोन्‌महिने धरून ठेवतो. वरून गालिचा कोरडा, खाली पत्रा गंजतो आहे. आणि फियाटमध्ये तो पत्रा म्हणजेच चासी, हे आत्ताच बोललो. गाडी शांत करता करता तिचा कणाच खाल्ला जातो. तळाशी पाणी शोषणारं काही चिकटवू नका; सुटं, उचलता येईल असं ठेवा आणि पावसाळा संपला की उचलून बघा.

जुना थर खरवडण्याआधी फोटो मात्र काढा. कारखान्यातलं डांबर कोणतं, नंतर कुणी बारदान कापून घातलं, कुणी काथ्या, हे त्या थरातच दिसतं. पुढच्या वेळी आपण सीटच्या आत शिरू: स्प्रिंगा, काथ्या आणि रेक्झिन.