आयटीतल्या महिला मधेच नोकरी का सोडतात? 'दुसरी शिफ्ट' म्हणजे नेमकं काय?

२४ सप्टेंबर २०१४. मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि काही तासांत एक फोटो जगभर फिरू लागला. रेशमी साड्या, केसांत गजरे आणि आनंदाने एकमेकींना टाळ्या देणाऱ्या इस्रोच्या महिला. 'रॉकेट सायंटिस्ट अशाही दिसतात' म्हणत लोकांनी तो भरभरून शेअर केला. फोटोतल्या महिला प्रशासकीय विभागातल्या होत्या, असं इस्रोने नंतर स्पष्ट केलं. पण म्हणून कौतुक वाया गेलं नाही. मोहिमेत महिला शास्त्रज्ञ खरोखरच महत्त्वाच्या पदांवर होत्या. त्यांपैकी एक म्हणजे डेप्युटी ऑपरेशन्स डायरेक्टर रितू करिधल.

त्या दिवसांतलं आपलं वेळापत्रक करिधल यांनी पुढे सांगितलं आहे. ऑफिसमधून घरी आलं की मुलांचा अभ्यास, घरातली कामं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा मोहिमेचं काम. ही गोष्ट आजही 'सुपरवुमन' या शब्दासह शेअर होते आणि कौतुक योग्यच आहे. पण त्यातून एक प्रश्न उरतो. रोज पहाटेपर्यंत जागणं जिला शक्य नाही, तिने काय करायचं?

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात अनेकींनी या प्रश्नाचं उत्तर राजीनाम्याने दिलं आहे. असं का होतं, ते समजून घेऊ.

'दुसरी शिफ्ट' म्हणजे काय?

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांचं 'द सेकंड शिफ्ट' हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात अशा घरांत जाऊन त्यांनी निरीक्षणं केली. नोकरीची वेळ संपली की बाईची दुसरी शिफ्ट सुरू होते, असं त्यांना दिसलं. स्वयंपाक, आवराआवर, मुलं, आजारपण. या शिफ्टला पगार नाही, सुट्टी नाही आणि बढतीही नाही.

हॉकशिल्ड यांचं म्हणणं असं की, बाईचं आयुष्य झपाट्याने बदललं. ती शिकली, कमावू लागली. पण घर आणि ऑफिस त्या वेगाने बदलले नाहीत. आजही नोकरीचं वेळापत्रक अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं असतं, ज्याच्या घरी डबा करून देणारं दुसरं कोणीतरी आहे.

भारतातले आकडे काय सांगतात?

लोक दिवसाचे २४ तास कसे घालवतात, याचं सर्वेक्षण केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करतं. २०१९ च्या सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिलांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास त्यात जात होते. असं काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी होती ९७ मिनिटं.

२०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटं झाले. म्हणजे महिलांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचाही वेळ नऊ मिनिटांनी घटला. दोघांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. २०१९ मध्ये दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या महिला पाचातल्या चार होत्या, तर पुरुष साधारण चारातला एक.

हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत, फक्त आयटीतल्या महिलांचे नाहीत. चांगला पगार असलेल्या घरात स्वयंपाकाला किंवा धुण्या-भांड्याला मावशी येतात आणि बराच भार हलका होतो. पण तो जातो दुसऱ्या बाईकडे. मावशींच्या स्वतःच्या घरची दुसरी शिफ्ट त्यानंतर सुरू होते. आणि मावशींनी दांडी मारली की फोन बहुतेक वेळा घरातल्या बाईलाच येतो.

काम वाटलं, पण यादी कोणाच्या डोक्यात?

'मला सांगितलं असतं, तर केलं असतं की!' हे वाक्य अनेक घरांत ऐकू येतं. २०१७ मध्ये एम्मा या फ्रेंच चित्रकर्तीने नेमक्या याच विषयावर एक कॉमिक काढलं आणि ते अनेक भाषांत व्हायरल झालं. मुद्दा साधा होता. काम करणं वेगळं आणि काम लक्षात ठेवणं वेगळं. गॅस कधी संपेल, मुलाच्या लसीची तारीख कोणती, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्या, शाळेतल्या कार्यक्रमाला कोणता ड्रेस लागणार, ही यादी सतत डोक्यात चालू असते. यालाच 'मेंटल लोड' म्हणतात.

नवऱ्याने भाजी आणली, पण कोणती आणायची हे बायकोने लिहून दिलं, तर अर्धं काम तिच्याकडेच राहिलं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं, तर घराची प्रोजेक्ट मॅनेजर तीच असते, फक्त तिच्या पदाला नाव नसतं.

तंत्रज्ञान हे बायकांचं क्षेत्र नाही?

इतिहास याच्या बरोबर उलट सांगतो. 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला चिकटण्याआधी माणसाच्या कामाचं नाव होता. आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीला कॉम्प्युटर म्हणत आणि या कामावर मोठ्या संख्येने महिला असत. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक हा प्रचंड इलेक्ट्रॉनिक संगणक जगापुढे आला. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा महिलांनी केलं होतं. यंत्र बनवणं हे मोठं काम आणि त्याच्याकडून गणितं करून घेणं हे दुय्यम, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला या सहा जणींना बोलावणंही आलं नाही.

१९६७ मध्ये एका अमेरिकी महिला मासिकाने 'कॉम्प्युटर गर्ल्स'वर लेख छापला. त्यात संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांनी प्रोग्रॅमिंगची तुलना जेवणावळीच्या तयारीशी केली होती. सगळं आधी ठरवायचं आणि वेळेवर हजर ठेवायचं. म्हणजे घर चालवताना लागणारं जे नियोजन कोणी मोजत नाही, तेच या नव्या धंद्यात उपयोगी होतं.

पुढे या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली आणि चित्र पालटलं. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांमध्ये महिलांचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. नंतर ते घसरत २० टक्क्यांच्याही खाली आलं. या काळात बायकांची बुद्धी काही कमी झाली नव्हती. बदललं होतं ते 'हे काम कोणाचं' याचं उत्तर.

भारतात दार कसं उघडलं?

ए. ललिता या भारतातल्या पहिल्या महिला विद्युत अभियंत्या मानल्या जातात. अठराव्या वर्षी त्या विधवा झाल्या, तेव्हा पदरात काही महिन्यांची मुलगी होती. त्यांचे वडील मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. तिथेच प्रवेश घेऊन ललिता १९४३ मध्ये अभियंता झाल्या. पुढे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युतवाहिन्यांच्या कामात त्यांचा सहभाग होता. वडील आणि नातेवाईक पाठीशी उभे राहिले, म्हणून हे शक्य झालं. तसा आधार नसलेल्या किती जणी मागे राहिल्या, याची नोंद कुठेच नाही.

दुसरी गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. १९७४ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नये, असं तीत लिहिलं होतं. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि त्या पुण्यात टेल्कोत अभियंता म्हणून रुजू झाल्या. याच पुढे सुधा मूर्ती म्हणून ओळखल्या गेल्या.

आज अशी जाहिरात कोणी देणार नाही. नॅसकॉम या उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार भारताच्या तंत्रज्ञान उद्योगात एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी महिला आहेत. दार उघडलं आहे. अडचण येते ती आत गेल्यावर टिकून राहताना.

मग मधेच नोकरी का सुटते?

अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी याची उकल केली आहे. काही नोकऱ्या 'हावरट' असतात, असं त्या म्हणतात. रात्री, सुट्टीच्या दिवशी, अचानक ठरलेल्या मीटिंगला जो कायम हजर असतो, त्याला त्या भरपूर मोबदला देतात. मूल झालं की दोघांपैकी एकाला घरासाठी हाताशी राहावं लागतं. मग ज्याचा पगार जास्त, तो हावरट नोकरीत राहतो आणि दुसरी व्यक्ती सोपी, कमी पगाराची वाट धरते. ती दुसरी व्यक्ती बहुतेक वेळा बायकोच असते. इथे कोणी खलनायक असावाच लागत नाही. दोघं समंजसपणे हिशेब मांडतात आणि हिशेबाचं उत्तर दर वेळी तेच येतं.

हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत हे कसं घडतं, ते पाहा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा उन्हाळ्याच्या महिन्यांत पुण्यात रात्रीचे आठ वाजलेले असतात. तिथल्या टीमसाठी ती निवांत सकाळ असते, पण इथे कुकर लावायची आणि मुलांना जेवायला वाढायची वेळ. त्या कॉलला सतत गैरहजर राहणाऱ्या व्यक्तीला कोणी कामावरून काढत नाही. पण पुढचा मोठा प्रोजेक्ट तिच्याकडे येत नाही.

कोरोनाकाळात घरून काम सुरू झालं. प्रवास वाचला, पण एकाच खोलीत दोन्ही शिफ्ट एकमेकींत मिसळल्या. ऑफिसं पुन्हा उघडल्यावर वेगळाच पेच आला. टीसीएसच्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांमध्ये ३५ टक्क्यांहून अधिक महिला होत्या. एरवी तिथे नोकरी सोडण्याचं महिलांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असे. पण २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात कंपनीने नोंदवलं की त्या वर्षी ते पुरुषांपेक्षा जास्त होतं. घरून कामाच्या काळात काही महिलांच्या घरची घडी बदलली आणि ऑफिस सुरू झाल्यावरही ती पूर्ववत झाली नाही, असा कंपनीचा अंदाज होता.

कायदा काय देतो?

२०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं, तर तिची संमती हवी आणि सुरक्षितता व वाहतुकीची जबाबदारी मालकाची.

या तरतुदी मोलाच्या आहेत. पण दोन फटी राहिल्या. पहिली म्हणजे, ईएसआयच्या कक्षेबाहेरच्या नोकऱ्यांत २६ आठवड्यांच्या पगाराचा पूर्ण भार मालकावर पडतो. त्यामुळे लग्नाच्या वयाच्या मुलीला नोकरी देताना काही मालक हात आखडता घेतील, ही भीती आहे. दुसरी फट वडिलांची. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी क्षेत्रात मात्र ती कायद्याने बंधनकारक नाही. मूल झाल्यावर आईने २६ आठवडे घरी आणि बाबांनी सोमवारी ऑफिसात, असं पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं की पुढची वाटणीही तशीच पडते.

'सुपरवुमन' म्हणण्यात चूक काय?

कौतुक करण्यात चूक नाही. अडचण ही की ते हळूहळू अपेक्षा बनतं. 'ती सगळं सांभाळते' हे वाक्य इतरांनी काहीच न सांभाळण्याची सोय करून देतं. ज्या बाईला ते जमत नाही तिला स्वतःच कमी पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात कमी पडलेलं असतं ते पाळणाघर, लवचिक वेळ आणि घरातला दुसरा हात.

या तिन्ही गोष्टी अशक्य नाहीत. कंपनी रात्रीच्या कॉलचा भार टीममध्ये आलटून पालटून वाटू शकते. वडिलांना रजा देऊ शकते आणि ती घेणाऱ्याची बढती अडणार नाही हे पाहू शकते. घरात 'मदत' करण्याऐवजी एखादं खातंच पूर्ण वाटून घेता येतं. उदाहरणार्थ, मुलांची शाळा बाबांकडे. म्हणजे फी, ड्रेस, डबा, पालक सभा आणि हे सगळं लक्षात ठेवणंही बाबांकडेच.

यशस्वी शास्त्रज्ञाला 'घर आणि काम यांचा मेळ कसा घालता' हा प्रश्न हमखास विचारला जातो, ती बाई असेल तर. हाच प्रश्न पुरुष शास्त्रज्ञालाही विचारला जाईल आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं खरं उत्तर असेल, तेव्हा दुसरी शिफ्ट खऱ्या अर्थाने वाटली गेली असं म्हणता येईल.