ओटीपी आलाच नाही: नैनसिंग रावत आणि १०० मण्यांची माळ

आजचा भाग थोडा रडगाण्याने सुरू होतोय, सांभाळून घ्या.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी उत्तराखंडात मिलमच्या ट्रेकला गेलो होतो. मुनस्यारी सोडलं आणि नेटवर्क गेलं. म्हटलं ठीक आहे, मनगटावरच्या बँडला इंटरनेट लागतंच कुठे? आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, हाताचा झोका ओळखतो, पावलं मोजतो, आपल्याच मेमरीत ठेवतो. जीपीएससुद्धा थेट उपग्रहांचं ऐकतं, नेट लागतं ते नकाशाला. इंजिनिअर माणूस, तेव्हा हे सगळं मित्रांना ऐकवूनही झालं. दुसऱ्या दिवशी फोन बंद पडला. चार्ज करून चालू केला तर अ‍ॅपने मला लॉगआउट केलेलं. परत आत शिरायचं तर ओटीपी हवा, आणि ओटीपीला नेटवर्क! बँडमध्ये फक्त ७ दिवसांची नोंद राहते, मी परतलो नवव्या दिवशी. पहिले दोन दिवस पुसले गेले. ऑफिसात स्टेप चॅलेंज चालू होतं, तिथे निकाल लागला: सिंक नाही म्हणजे तू चाललाच नाहीस.

आता गंमत बघा. ज्या गावाला मी गेलो होतो, त्याच मिलमच्या एका माणसाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हाच प्रश्न सोडवला होता, आणि त्याचा डेटा हरवला असता तर बहुधा जीवही गेला असता.

नैनसिंग रावत. जन्म १८३०, पेशाने शाळामास्तर. मिलमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करायचे, त्यामुळे तिबेटी भाषा आणि रीतभात त्यांना येत होती. तिकडे इंग्रजांच्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेने हिंदुस्थान मोजत आणलेला, पण तिबेटात युरोपियनांना बंदी. तेव्हा कॅप्टन टॉमस माँटगोमेरीने डोकं चालवलं: स्थानिक माणसंच तयार करून पाठवायची. १८६३ साली नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना ट्रेनिंगसाठी देहरादूनला आणलं गेलं.

ट्रेनिंगचा मुख्य भाग काय, तर चालणं! चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल सारख्याच लांबीचं पडलं पाहिजे. साधारण २००० पावलांचा एक मैल. मोजायला हातात माळ. जपमाळेत १०८ मणी असतात, यांच्या माळेत १००. कारण उघड आहे, १०८ ने गुणाकार कोण करत बसणार! दर १०० पावलांना एक मणी सरकवायचा. दर दहावा मणी मोठा, म्हणजे तिथे १००० पावलं झाली. माळ पूर्ण झाली की १०,०००, म्हणजे साधारण ५ मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींच्या चिठ्ठ्या. पेटीला चोरकप्पा, त्यात सेक्स्टंट. पारा कवड्यांमध्ये भरलेला; लागेल तेव्हा वाटीत ओतला की झालं कृत्रिम क्षितिज. उंची काढायची ती पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून.

१८६५ मध्ये नैनसिंग नेपाळमार्गे निघाले, व्यापारी असल्याचं सोंग घेऊन. जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. एप्रिलपर्यंत तिथे राहिले. पैसे संपत आले तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून पोट भरलं. रात्री तारे बघायचे, अक्षांश काढायचे. मग परत मोजत मोजत माघारी. एकूण सुमारे १२०० मैल, २५ लाखांच्या आसपास पावलं, ३१ ठिकाणांचे अक्षांश.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अक्षांशांची. पावलात थोडी चूक झाली तर ती साठत जाते. माझा बँडही असाच बहकतो. हातात काठ्या धरल्या की कमी मोजतो, जीप खड्ड्यांतून गेली की बसल्या जागी पावलं वाढवतो. म्हणून आपल्या घड्याळात जीपीएस दुसरा साक्षीदार असतो. नैनसिंगांचा दुसरा साक्षीदार आकाशात होता. उत्तर-दक्षिण अंतर ताऱ्यांवरून तपासता यायचं. पूर्व-पश्चिमेला मात्र मुख्य भिस्त पावलांवरच.

जीपवरून आठवलं. त्यांच्याच घराण्यातले किशनसिंग १८७८ ला निघाले ते १८८२ ला परतले. वाटेत लुटारूंच्या भीतीने त्यांना घोड्यावर बसावं लागलं, तर त्यांनी घोड्याची पावलं मोजली! पण साडेचार वर्षांनी घरी आले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा गेलेला होता. हा हिशेब कुठल्या नकाशावर नाही.

आणि या लोकांना काय मिळालं? कामावर असताना नावसुद्धा नाही, फक्त सांकेतिक खुणा. किशनसिंग म्हणजे 'ए-के'. नैनसिंगांना १८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, टपाल तिकीट निघायला २००४ उजाडलं. त्यांचं गाव आता बरंचसं ओस पडलंय. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार बंद झाला आणि घरांची छपरं एकेक करून बसली. मी त्या भिंतींमधून फिरत होतो तेव्हा डोक्यात ओटीपीच होता, हे कबूल करतो.

जाता जाता एक योगायोग. दिवसाला १०,००० पावलांचं वेड पसरलं ते १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' या यंत्राने; नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. नैनसिंग निघाले त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी. संबंध काही नाही, पण माळेची एक फेरीही तेवढीच.

परवा मी आईची जपमाळ मागून घेतली. ८ मणी सोडून द्यायचे ठरवलं आणि सोसायटीच्या गेटपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत मोजत गेलो. माळेवर २४ मणी, म्हणजे २४००. बँड म्हणाला २३१७. दुसऱ्या दिवशी सतराव्या मण्यावर शेजारच्या काकांनी अडवलं आणि पार्किंगचा विषय काढला. माँटगोमेरीने लिहून ठेवलंय की कुणी बोलायला येताना दिसलं की चक्र फिरवायला लागायचं, माणूस पूजेत आहे समजून लोक सोडून देतात. मी काकांसमोर माळ ओढून पाहिली. ते म्हणाले, "चालू दे तुझं, मी बोलतो."