द्विभार्या विवाहातील संततीचे कायदेशीर स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हिंदू कायद्याच्या इतिहासात द्विभार्या प्रतिबंधाचा विचार प्रामुख्याने स्त्रीच्या संदर्भात झालेला दिसतो. अशा विवाहातून जन्मलेल्या संततीचा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा कायदेशीर प्रवास मांडला आहे.

सुधारणेची दुसरी बाजू :
पारंपरिक हिंदू कायद्यात पुरुषास अनेक विवाहांची मुभा होती. त्यामुळे दुसऱ्या पत्नीचा पुत्रही औरस व सहदायाद ठरत असे. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने असा विवाह शून्य ठरविला. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छगला व न्या. गजेंद्रगडकर यांनी हा कायदा वैध असल्याचा निर्णय दिला. पहिल्या पत्नीस संरक्षण मिळाले. परंतु पूर्वी जे अपत्य औरस ठरले असते, त्याच्या औरसत्वाचा आधारच नाहीसा झाला.

कलम १६ चा प्रवास :
हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १६ ने शून्य विवाहातील अपत्यास औरस मानले. मात्र न्यायालयाने शून्यतेचा हुकूमनामा दिला असेल तरच. असा अर्ज कलम ११ अन्वये त्या विवाहातील पती किंवा पत्नीच करू शकत असे. परिणामी आईवडील न्यायालयात न गेल्यास मूल अनौरसच राहत असे. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट रद्द केली. तथापि पोटकलम (३) अन्वये अशा अपत्याचा हक्क केवळ आईवडिलांच्या मिळकतीपुरता मर्यादित राहिला.

वडिलोपार्जित मिळकतीचा प्रश्न :
जिनिया केओटिन खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क नाकारला. रेवणसिद्दप्पा खटल्यात (२०११) या भूमिकेविषयी मतभेद व्यक्त होऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. १ सप्टेंबर २०२३ रोजी त्रिसदस्यीय पीठाने निर्णय दिला : मृत्यूपूर्वी कल्पित वाटणी झाली असे मानून वडिलांच्या वाट्यास येणाऱ्या हिश्श्यात अशा अपत्यास वारसा मिळेल, मात्र ते जन्मतः सहदायाद ठरणार नाही.

निष्कर्ष :
आईवडिलांच्या कृत्याचा दोष अपत्याकडे जाऊ नये, हे तत्त्व कायद्याने टप्प्याटप्प्याने स्वीकारले. तथापि औरस ठरूनही सहदायाद न होणारे अपत्य हा वर्ग कायम आहे. सामाजिक सुधारणेच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना या अपूर्णतेची नोंद घेणे आवश्यक ठरते.