ठिणगीची वेळ कोणी ठरवायची?

श्रोतेहो, वसंतातल्या व्यासपीठावर इतिहास म्हटला की गडकोट, तह आणि सनदा यांची अपेक्षा असते. आम्ही आज आपल्यापुढे मुठीत मावेल न मावेल अशा एका यंत्रभागाचा इतिहास ठेवणार आहोत. त्याचे नाव डिस्ट्रिब्युटर. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू हाती आली की ती कोणाच्या हातून घडली, हा प्रश्न आम्हांला आधी सुचतो.

प्रथम वस्तू समजावून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले गेले की नेमक्या क्षणी ठिणगी पडावी लागते. क्षण चुकला की बळ वाया गेले. डिस्ट्रिब्युटरमधला दांडा फिरता फिरता पॉइंट उघडतो, त्यासरशी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगकडे धाडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या वाटाव्या लागतात!

पूर्वी ठिणगीसाठी मॅग्नेटो वापरीत. १९०२ साली श्टुटगार्टमधील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. १९०६ साली तेथे एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला, आणि त्याच वर्षी बॉश यांनी कामाचा दिवस आठ तासांचा केला. पुढे अमेरिकेतील डेटन शहरी चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सोबती नोकरी सांभाळून रात्री एका कोठारात जमू लागले. त्यांनी सिद्ध केलेली बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची जुळणी कॅडिलॅकच्या १९१० च्या मोटारींत बसली. नाव एकट्या केटरिंगचे झाले. जागरणे मात्र अनेकांची होती. ही पद्धत साठांहून अधिक वर्षे टिकली.

आता एमजीबी ही इंग्लंडची छोटी स्पोर्ट्‌स मोटार घेऊ. १९६२ ते १९८० पर्यंत ती ॲबिंग्डन येथे बनत असे. हौशी लोक ती आजही जिवापाड जपतात. तिच्या डिस्ट्रिब्युटरवर ‘लुकास’ हे नाव आढळते. १९६१ साली मद्रासेत लुकास-टीव्हीएस स्थापन झाल्यावर ते नाव आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्याही तोंडी बसले.

या नावामागे बर्मिंगहॅमची एक हकिगत आहे. १९३१ साली जोसेफ लुकासच्या कारखान्यात बेडो पद्धत आणण्याचे घाटत होते. हाती घड्याळ घेऊन कामगाराची हालचाल मोजायची आणि त्या मापाने सर्वांचे काम बांधायचे, अशी ती पद्धत. जेसी ईडन ही तेथली चपळ कामगार. आपला वेग इतर बायांच्या गळ्यातला फास होणार, हे तिने ओळखले. सुमारे १०,००० स्त्रिया आठवडाभर संपावर गेल्या, आणि मालकांनी ती योजना मागे घेतली. आम्हां युनियनवाल्यांनी येथे मान खाली घालण्याजोगी गोष्टही आहे. त्या देशातील इंजिनिअरिंग कामगारांच्या मोठ्या युनियनने १९४३ पर्यंत स्त्रियांना सभासदच करून घेतले नव्हते.

एमजीबीचा डिस्ट्रिब्युटर बदलणे अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. दांडा झिजून डुगडुगू लागला की पॉइंटचे अंतर टिकत नाही आणि ठिणगी वेळ चुकवते. मग बॅटरी सोडवून पहिला सिलिंडर दाबाच्या फेरीत ठिणगीच्या खुणेवर आणावा. रोटरचे तोंड कोठे आहे, याची खूण करावी आणि तारांना क्रमांक द्यावेत. नंतर पकड सैल करून जुना भाग उचलावा. तो बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नये. नव्याच्या बुडाशी असलेला खाचेचा जोड मध्यापासून जरा सरकलेला असतो, म्हणून तो एकाच बाजूने बसतो. पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे, तारा १-३-४-२ या क्रमाने लावाव्यात. शेवटी टायमिंग लाइटच्या उजेडात डबा केसभर फिरवून वेळ पक्की करावी.

त्या डब्यात लहान वजने असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर सरकून ठिणगी अलीकडे आणतात, पण त्यांना आवरायला स्प्रिंगाही असतात. यंत्र बांधणाऱ्याने धातूच्या वेगाला लगाम घातला. माणसाच्या वेगाला मात्र तो संप करून घालावा लागला.

आज पुष्कळजण जुन्या डब्यात पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवतात. नव्या मोटारींतून तर डिस्ट्रिब्युटर गेलाच. ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. आमची त्याविरुद्ध तक्रार नाही, कारण झिजणारे पॉइंट घासण्यात कसलाही पुरुषार्थ नव्हता. पण गोदामातल्या आणि घरपोच सामान नेणाऱ्या कामगाराची वेळही आता संगणकच मोजतो. बर्मिंगहॅमच्या बायांना घड्याळ धरणारा माणूस समोर दिसत होता. आजचे घड्याळ दिसत नाही. म्हणून ते कोण लावतो आणि कोणत्या मापाने लावतो, हे विचारण्याचा हक्क आपण आधी मागितला पाहिजे. मिस्त्री टोपण उघडल्याशिवाय टायमिंगला हात घालीत नाही. आपणही तोच धडा घ्यावा.